पाठ केलेली पेशी

आमचे हे शाळेत जीवशास्त्र शिकवतात. पाठीमागे मुलं त्यांना ‘केंद्रक सर’ म्हणतात. पेशीचा धडा सुरू झाला की यांची गाडी ठरलेल्या रुळावरून सुटते. "पेशी म्हणजे घर. पेशीपटल म्हणजे दारातला राखणदार, कुणाला आत घ्यायचं ते तो बघतो. तंतुकणिका म्हणजे स्वयंपाकघर, ऊर्जा तिथून येते. आणि केंद्रक म्हणजे घरातला कर्ता पुरुष, सगळा कारभार त्याच्या हुकुमानं चालतो." हे सांगताना यांचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर जातो. या कर्त्या पुरुषाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, ते सोडा.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा पेशीविभाजनाचा मोठा तक्ता माझ्याच हातचा. यांनी पुस्तक समोर धरलं आणि मी रंगवत गेले. आधी गुणसूत्रं दुप्पट होतात, मग आखडून जाड होतात आणि मधोमध रांगेत उभी राहतात. मग प्रत्येकाचे दोन भाग सुटे होऊन दोन टोकांना ओढले जातात. शेवटी दोन केंद्रकं तयार होतात आणि मध्ये भिंत उभी राहते. एका पेशीच्या दोन झाल्या, दोघींना वाटा अगदी सारखा. तक्ता यांना इतका आवडला की सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढायची त्यांना पुढे गरजच वाटली नाही.

यंदा आमची लेक यांच्याच वर्गात आहे. तिला पुढे याच विषयाला जायचंय, आणि प्रात्यक्षिकाचे गुण घसरले की प्रवेशाच्या नावानं शंख. परीक्षेच्या दिवशी देखरेखीला मी प्रयोगशाळेतच होते. यांनी कांद्याच्या पाकळीवरचा पापुद्रा सोलला, आयोडीनचा थेंब टाकला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि फर्मान काढलं, "विभाजनाच्या अवस्था पाहा आणि आकृती काढा."

मुलं एकेक करून डोळा लावत होती. "दिसलं?" "दिसलं, सर." जागेवर जायचं, मान वर करायची आणि तक्ता उतरवायचा. गुण सरांच्या हातात असताना दिसलं नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

लेक मात्र बराच वेळ डोळा लावून बसली. तिनं विटांसारख्या पेशींच्या रांगा काढल्या, प्रत्येकीत एकेक ठिपका, आणि खाली लिहिलं, ‘एकही पेशी विभाजित होताना दिसली नाही.’ यांनी तिथल्या तिथे भोपळा दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण परीक्षेच्या खोलीत नवऱ्याशी भांडायची सोय नसते.

दुपारी वर्ग अजून बसलेलाच होता, तेव्हा बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. सगळ्या आकृत्या छापल्यासारख्या एक. तक्त्यातल्या एका गुणसूत्राला माझ्याकडून जरा लांब शेपूट झालंय, ते शेपूटसुद्धा प्रत्येकानं इमानेइतबारे काढलेलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"सर, यात विभाजन कुठंय?"

हे वाकले. चाकं या बाजूला फिरवली, त्या बाजूला फिरवली. मग कमालीच्या गंभीरपणे म्हणाले, "सकाळी होतं. आता उरकलं असेल."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आयोडीन पडलं तेव्हाच या पेशी मेल्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि पापुद्र्यातल्या पेशी आधीच विभाजन संपवून बसलेल्या असतात, सर. विभाजन बघायचं तर कांदा पाण्यावर ठेवायचा, मुळं फुटू द्यायची आणि त्यांची टोकं घ्यायची. वाढ तिथं चालू असते." त्यांनी लेकीचा भोपळा खोडून पूर्ण गुण दिले, आणि बाकी वर्गाची परीक्षा परत घ्यायला सांगितली.

मला वाटलं, आता तरी बाप पोरीच्या पाठीवर हात ठेवेल. कसलं काय. जेवायला बसल्यावर हे म्हणाले, "दिसलं म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? सगळ्या वर्गासमोर माझी शोभा केलीस."

लेकीनं घास खाली ठेवला. दुपारपासून खुशीत होती पोर, तिचा चेहरा एवढासा झाला.

"बाबा, तुम्हाला कधी दिसलंय?"

"मला कशाला दिसायला हवं?" हे म्हणाले. "मला पाठ आहे."