तेल दिलेली काडतुसं

माझे वडील, आबा, गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर शस्त्रांच्या परवानाधारक दुकानात जमा करायला मी गेले होते. दुकानदाराने पेटी उघडली आणि विचारलं, "काडतुसं चांगली आहेत ना?" मी हो म्हटलं. एके काळी ती चांगली नव्हती, हे त्याला सांगण्याचं कारण नव्हतं.

आबा कडोदऱ्याला कापडाच्या लूम्सवाल्या एका गुजराती शेठकडे गनमन होते. शेठची रोकड बँकेत जायची तेव्हा गाडीत पुढे बसायचं, हे त्यांचं काम. हत्यार आणि परवाना त्यांचा स्वतःचा होता. काडतुसं परवान्यावर मोजून मिळत, म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं जपली. दसऱ्याला आई पाटावर रिव्हॉल्व्हर ठेवी, शेजारी काडतुसं उभी करी आणि सगळ्यांना हळदकुंकू लावी. दुसऱ्या दिवशी आबा एकेक काडतूस पुसत आणि पितळेवर डाग राहू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात देत. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत इतकं लखलखीत दुसरं काही नव्हतं.

एका शनिवारी शेठच्या सगळ्या गनमनना नेमबाजीच्या सरावाला नेलं. आबांनी चाप ओढला, घोडा पडला, नुसतं टक् झालं. नळी तशीच समोर धरून थांबायचं असतं, गोळी उशिरा सुटू शकते. ते थांबले. काही झालं नाही. पुढच्याही तशाच. एकच सुटली. शिकवणाऱ्या माजी फौजीने काडतूस बोटांत फिरवून विचारलं, "तेल लगाते हो क्या?" तेल बुडातून आत झिरपतं आणि ठिणगीची दारू मारून टाकतं, असं त्याने सांगितलं.

घरी येऊन आबांनी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तेलाचं सांगताना ते "मी" म्हणाले, ज्या हळदकुंकवाच्या डागांपायी तेल लागे, त्या पूजेचं नावही काढलं नाही.

आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "सोमवारले रोकडसंगे जाशात?"

"जानंच पडी. नवा काडतुसले मंजुरी येवाले येळ लागी."

"आनि कोनी लुटाले आडवं उनं ते?"

आईने परात बाजूला सरकवली. "मंग शेठले सांगा. नहीतर मी सांगस."

रविवारी ते दोघं शेठच्या घरी गेले. आईला हिंदीत बोलावं लागलं तर म्हणून मलाही नेलं, पण माझी गरज पडली नाही. शेठ झोपाळ्यावर बसले होते. आबांचं ऐकून हसले.

"अरे भाई, गोळी फूटे के न फूटे, कोण तपासवानुं छे? कमरे लटकती देखाय एटलुं बस."

आई दाराशी उभी होती. ती आपल्या अहिराणीतच म्हणाली, "मंग लाकूडनी लटकाडा ना शेठ. तेन्हामांगे मना माणूस कसाले जोयजे?"

झोपाळा थांबला. शब्द कळले असोत नसोत, सूर कळला होता. शेठ आबांना म्हणाले, "आ शुं बोले छे? घरवाळीने समजाव."

"बरोबर बोलतेय ती," आबा म्हणाले. "नवी येईपर्यंत मी रोकडीबरोबर जाणार नाही."

शेठ पुन्हा झोका घेऊ लागले. गनमन पुष्कळ मिळतात, एवढंच म्हणाले.

आबा घरी बसले. आईने पगाराचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. नवी काडतुसं आल्यावर त्यांनी एक सरावात उडवून पाहिलं. सुटलं. मग ते कामावर गेले, तर गाडीत पुढे दुसरा माणूस बसलेला होता. आबांना कारखान्याच्या फाटकावर उभं केलं. पगार चौकीदाराचा.

नोकरी सुटेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. पट्ट्यात काडतुसं होती, सगळी कोरडी आणि चालणारी, आणि फाटकातून जायचे ते कापडाचे टेम्पो. रोकड दुसऱ्या दाराने जाई. ओळखीचे लोक आईला म्हणत, तुझ्या तोंडाने त्याची जागा गेली. ती ऐकून घेई. संध्याकाळी आबांची सायकल वाजली की ती चहा टाके, आणि घंटी वाजेपर्यंत दुसरं काही हातात घेत नसे.