चूककिती मास्तर

आमचे मास्तर आधी मारत आणि मग प्रश्न विचारत. असं का, म्हणून एका पोरानं धीर करून विचारलं, तर त्यालाही आधी बसली आणि मग उत्तर मिळालं, "मार बसला की माणूस जागा होतो. झोपलेल्याला काय विचारायचं?" त्यांच्या हातात शिसवी लाकडाची जाड फूटपट्टी असे. तिचं एक टोक आमच्या तळहातांवर आणि पाठींवर इतकं झिजलं होतं, की पहिला इंच जेमतेम निम्मा उरला होता. काही मोजायचं झालं तर ते एकच्या रेघेपासून सुरुवात करत. "पट्टी खोटी आहे," असं ते अगदी अभिमानानं सांगत, "पण किती खोटी आहे ते मला ठाऊक आहे."

भिंगार ओलांडून पुढं गेलं की डोंगराच्या कडेला आमचं गाव. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लोकल बोर्डाच्या शाळेत सहावी-सातवीला मिळून एक खोली होती. मी सहावीत होते आणि माझा भाऊ ज्ञानू सातवीत. मास्तर नगर शहरातले, अंगानं काटकुळे, आवाजानं पहिलवान. आम्ही फळा मोजून "चार फूट" म्हटलं की पट्टी वर जायची. "चूक किती?" "चूक न्हाई, गुर्जी." मग तर दोन बसायच्या. "चार फूट, पाव इंच इकडं-तिकडं" असं आपणहून सांगेल त्याला गुळाचा खडा मिळे, तोसुद्धा पाठीत धपका घालून. मोजणारा चुकतोच, किती चुकतो एवढंच शहाण्याला ठाऊक असतं, हे त्यांचं रोजचं पालुपद. सोयरिकीच्या बैठकीत मुलीचं वय सोळा सांगितलं तेव्हाही हे मध्येच म्हणाले, "चूक किती?" आणि वरपक्ष ताटावरून उठता उठता राहिला. तेव्हापासून सगळं गाव त्यांना चूककिती मास्तर म्हणू लागलं.

उशिरा येणाऱ्याला ते गावाभोवती तीन फेऱ्या मारायला लावत. पोरगं धापा टाकत परत आलं की विचारत, "अंतर किती काटलंस?" ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि विस्थापन?" मग कानाखाली आवाज निघायचा. "शून्य! निघालास तिथंच आलास. घाम गाळला म्हणजे माणूस कुठं पोचतो असं नाही." हा धडा मी घरी आईला सांगितला तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आमचं जलमभर इस्थापन शून्यच हाय म्हनावं. चुलीपसनं निगायचं नि चुलीपाशी यायचं." मी दुसऱ्या दिवशी ते वर्गात सांगितलं. मास्तर इतके हसले, की त्या दिवशी कुणालाच मार बसला नाही.

त्यांचा राग यायचा तितकीच त्यांची ओढही लागायची, हे आज कुणाला सांगून पटायचं नाही. आमच्या वर्गातल्या एका पोराला नाग चावला. मास्तरांनी त्याला पाठीवर टाकलं आणि भिंगारच्या दवाखान्याकडे पळत सुटले. पोरगं झोपू नये म्हणून ज्ञानूला मागून पळायला लावलं, त्याच्या गालावर थापडा मारत. ज्ञानूचा हात हलका पडला की मास्तर पळता पळता ज्ञानूलाच लाथ झाडत. पोरगं वाचलं, त्याचे गाल मात्र आठवडाभर सुजलेले होते. परत येताना ज्ञानूनं सरासरी वेग काढून दाखवला, तर मास्तर खेकसले, "सरासरी दवाखान्याच्या दारात सांगायची असते. चढावर आपण किती हळू झालो होतो ते सांग. पोरगं तिथं गेलं असतं." हे सांगताना ते रडत होते, असं ज्ञानू म्हणायचा. त्या दिवसापासून ज्ञानू त्यांचा लाडका झाला, म्हणजे त्याला सगळ्यांत जास्त मार बसू लागला.

आता चांदमारीचं सांगायला हवं. आमच्या शिवाराला लागून पल्टनीचं तोफांच्या सरावाचं माळरान होतं. त्यालाच आम्ही चांदमारी म्हणायचो. टेकडीवर लाल बावटा चढला की आत जायला बंदी, उतरला की गाव आत धावायचं, कारण फुटलेल्या गोळ्याचं पितळी टोपण आणि तांब्याचं कडं भिंगारच्या बाजारात हातोहात जायचं. धावणं कसलं, लढाईच ती! एका टोपणावर दोघांचा हात पडला की विळे निघत. सख्ख्या जावांनी एकमेकींची डोकी फोडलेली मी पाहिली आहेत. माझ्या बापाच्या कपाळावरची खोक चुलत्यानंच घातलेली, एका कड्यापायी. पुढं पुढं बावटा उतरायची वाट बघायचंही लोकांनी सोडलं. गोळे पडत असतानाच ओढ्यातनं सरपटत आत जायचं आणि तिथंच दबा धरायचा. तीन माणसं मेली, तरी जाणारे जातच होते.

मास्तर संतापानं वेडे झाले. चांदमारीत गेलेलं पोरगं दिसलं की ते त्याला रक्त निघेस्तोवर मारत. पोरं मार खात आणि दुसऱ्या दिवशी परत जात, कारण घरून पाठवलेली असत. शेवटी एके दिवशी त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मारून ऐकत नाही. आता शिकवतो," म्हणाले. आम्हाला टेकाडावर नेलं. लांबवर गोळा फुटला की धूर आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. उजेड लगेच पोचतो, आवाजाला मैलभर यायला पाच सेकंद लागतात. मधला वेळ मोजला की गोळा किती लांब पडला ते कळतं. घड्याळ गावात एकच, मास्तरांचं. पण नाडी प्रत्येकाला असते. त्यांनी एकेकाचं मनगट धरून, घड्याळ लावून नाडी मोजून दिली. माझी मिनिटाला पंचाहत्तर निघाली, ज्ञानूचीही जवळपास तेवढीच. "सहा ठोके म्हणजे मैलभर. सहाच्या खाली आले की गोळे जवळ सरकले समजा आणि पळत सुटा," म्हणाले. "मरू नका, गाढवांनो." त्यांना एवढ्या मऊ आवाजात बोलताना आम्ही प्रथमच ऐकलं.

ज्ञानूला त्याचं वेडच लागलं. त्याच्या जोरावर आम्ही दोघं इतर पोरांपेक्षा पुढं जाऊ लागलो. घरी पितळ येऊ लागलं, बाप खूश झाला. त्या सकाळी आम्ही ओढ्यात पालथे पडलो होतो. काठामुळे पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त धूर वर आलेला दिसे. दोघांचीही बोटं मनगटावर होती. धूर दिसला, आवाज आला. "सात," ज्ञानू म्हणाला. माझेही सातच आले. पुढच्या गोळ्याला पुन्हा सात. त्याच्या पुढच्यालाही सातच, पण त्या गोळ्यानं काठावरची माती माझ्या डोक्यात पडली. माझी छाती धडधडत होती. मी म्हटलं, "ज्ञानू, आवाज लई मोटा झालाय रं. चल माघारी."

"सातच हायेत की. तू बी सातच मोजलंस का न्हाई?"

"व्हय, पन..."

"मग गुर्जींचं माप खोटं हाय का?" असं म्हणून तो काठावर चढला. चार हातांवर पितळी टोपण चमकत होतं. पुढच्या वेळी धूर आणि आवाज एकदमच आले. मोजायला मध्ये काही उरलंच नव्हतं. धुरळा बसल्यावर मी वर आले, तर गोळ्याचा एक पत्रा त्याच्या गळ्यातून आरपार गेला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि नाडी शोधत बसले. मला दुसरं काय येत होतं?

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर बाप घरी आलाच नाही. कुऱ्हाड घेऊन तसाच शाळेकडे निघाला. मी ओरडत मागं धावले. "मास्तर, भायेर ये! माजं पोरगं खाल्लंस तू!" मास्तर बाहेर आले. पट्टी खिडकीत ठेवली आणि हात खाली सोडून उभे राहिले. बापानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्यांच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते गुडघ्यावर आले, पण नजर बापाकडे नव्हती, माझ्याकडे होती.

"पारू, किती मोजलेत?"

"सात."

"दोघांनीही?"

"दोघांनी बी. सारखे सातच येत हुते. शेवटच्याला मोजाया येळच न्हवता."

त्यांनी डाव्या हातानं खिशातून घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "समोर धर." मग माझं दुसरं मनगट पकडलं. बाप कुऱ्हाड उगारून उभा, ह्यांच्या तोंडावर वेदनेनं घाम फुटलेला, आणि हे ओठ हलवत माझी नाडी मोजत होते. मला वाटलं, माणूस वेडा झाला. मिनिट संपलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पंचाहत्तर होती तुझी. आज दीडशे आहे."

मग ते धुळीतच बसले आणि मला समजावून सांगू लागले, वर्गात सांगावं तसं. भ्यालेल्या माणसाची नाडी दुप्पट पळते. गोळा निम्म्या अंतरावर आला आणि नाडी दुप्पट झाली, की ठोके तेवढेच भरतात. मरण जवळ येत होतं आणि तुमची बोटं सांगत होती की ते आहे तिथंच आहे. "टेकाडावर तुम्ही निवांत बसला होतात, तेव्हा मी मोजलं," म्हणाले. "जगातल्या प्रत्येक मापाची चूक विचारली मी. ह्याची तेवढी विचारली नाही." मग बापाकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मारा."

बापानं मारलं. दांड्यानं आणखी एकदा, त्याच खांद्यावर. मग कुऱ्हाड टाकून तो त्यांच्याच शेजारी धुळीत बसला आणि गुरासारखा हंबरला.

मास्तर गाव सोडून गेले नाहीत. वाकडा खांदा घेऊन पुन्हा शाळेत आले. त्यानंतर वर्गात त्यांनी कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. पण बावटा चढला की शाळा सोडून ते चांदमारीच्या वाटेवर, निवडुंगाच्या कुंपणाला जिथं खिंड पडली होती तिथं, डाव्या हातात काठी घेऊन उभे राहत आणि येईल त्याला झोडपत. पोरांना, बाप्यांना, सगळ्यांना. बाप्ये काही गप्प मार खाणारे नव्हते. मास्तरांचे दोन दात पडले, डोकं दोनदा फुटलं, एकदा तर लोकांनी त्यांना निवडुंगात फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा हजर. सरपंचकी करणारे पाटील समजावायला गेले, तर म्हणाले, "शिकवून पाहिलं, पाटील. आता मारतो."

एकदा माझी आईच त्या खिंडीत शिरली. घरात दाणा नव्हता, पोरगा गेला होता, तिला जिवाचं काही वाटत नव्हतं. मास्तरांनी तिच्या पाठीत काठी घातली. बाईवर हात टाकला म्हणून माणसं काठ्या घेऊन धावली. आई उठली, पदर सावरला आणि त्यांच्या आडवी आली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "बरूबर मारलं त्यांनी." त्या दिवसानंतर मास्तरांवर कुणी हात उचलला नाही, आणि बावटा वर असताना खिंडीतून कुणी आतही गेलं नाही. आईच्या पाठीवरचा वळ मी तेल लावताना पाहायची. मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच्याबद्दल माया दाटून यायची, दोन्ही एकदमच.

लढाई संपल्यावर त्यांची बदली नेवाशाकडे झाली. निरोपाला अख्खं गाव जमलं, आणि त्यात मार न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता. ट्रंक बैलगाडीत चढवली ती माझ्या बापानं. तोच त्यांना सोडायला निघाला होता. आई दशम्यांचं फडकं देत म्हणाली, "तुमचं तरी इस्थापन झालं, मास्तर."

मास्तरांनी फडकं घेतलं. "नाही हो, बाई," म्हणाले, "मी अजून त्या ओढ्यातच आहे." गाडी हलल्यावर त्यांनी मागं पाहिलं नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. त्या दिवशी माझ्या बापाला भाकरी गेली नाही.

मी पुढं मास्तरीण झाले. आज म्हातारी आहे. अजूनही वीज चमकली की बोटं आपोआप मनगटावर जातात. छाती धडधडायला लागते. गडगडाट होईस्तोवर ठोके मोजते आणि आलेलं अंतर निम्मं करते. नातू अंगणात उभा राहून ओरडतो, "आजी, लांब आहे वीज! मी मोजलं, दोन मैल!" मी विचारते, "चूक किती?" तो पुन्हा आभाळाकडे बघू लागतो. मग मी त्याच्या पाठीत असा धपाटा घालते की पोरगं कळवळतं. सून नाराज होते, नातू रडत, रागावून घरात जातो. रागावू दे. आत तर जातो.