मामा गेले असे गृहीत धरून

माझे मामा एकाच दिवशी दोनदा वारले. त्यातल्या पहिल्या वेळेला जबाबदार मी.

कराडला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. त्यातही 'विधान आणि गृहीतके' हा माझा हातखंडा विषय. 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी दिसली, की लोक तिथे गाडी लावतात, हे लिहिणाऱ्याने न बोलता धरून चाललेलं असतं. ते हुडकायचं. "पण विधानात नाही ते पदरचं घालू नका!" असं मी रोज फळा बडवून सांगतो. (पोरं मान डोलावतात. त्यांचं काय जातं!)

त्या सकाळी दारात आष्ट्याचे भीमराव उभे. हे मामांचे शेजारी. मामा चार महिने अंथरुणाला खिळलेले. भीमराव उंबऱ्याबाहेरच थांबले. डोळ्यांत पाणी, एक हात गालाला.

"आत या की."

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"पाणी तरी घ्या."

पुन्हा नाही.

आमच्याकडे मयताचा सांगावा आणणारा घरात येत नाही, पाण्याला शिवत नाही. 

"मामा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि सांगायला तोंड उघडलं. मी घाईने त्यांचा हात धरला. "काही बोलू नका. समजलं मला!"

ते जोरजोरात हात हलवायला लागले. माझ्या म्हाताऱ्या आईला एकदम सांगू नका असं ते सुचवताहेत, हेही मला समजलं. (त्या दिवशी मला सगळंच समजत होतं.) शेवटी कपाळावर हात मारून ते मोटारसायकलवर बसून गेले.

आईला सांगितलं तशी ती चपला शोधायला लागली. पाठचा एकुलता एक भाऊ. "चल लगीच," म्हणाली. "मला त्याचं तोंड बघायचंय."

"आई, सख्खी बहीण पोचल्याशिवाय कुणी उचलत नाही. सगळ्या नातेवाइकांना फोन करतो, साताऱ्याची मंडळी येऊ देत, एकाच जीपने जाऊ."

बायको म्हणाली, "आवं, एकदा फोन तरी करा तिकडं."

"मयताच्या घरी फोन करून काय विचारू? कसं काय चाललंय?"

मंडळी यायला तीन तास लागले. तीन तास आई चपला घालून दारात बसून होती.

आष्ट्यात गल्लीच्या तोंडाशीच आमच्या बायकांनी हंबरडा फोडला. घरातून, खाटेवरून आवाज आला, "कोन गेलं रं?"

मामांचाच आवाज. दारात भीमराव, गालात कापसाचा बोळा. सकाळी कराडला येऊन त्यांनी दाढ काढून घेतली होती. डॉक्टरांनी पाणी पिऊ नका, फार बोलू नका म्हणून बजावलेलं. "तुमचं मामा म्हनलं, कराडला चाललाईस तर आक्काला सांग, लय बघावंसं वाटतंय," ते कसेबसे म्हणाले. "सर, तुमी मला बोलू कुठं दिलं?"

आई खाटेवर भावाजवळ बसली.

"आक्के, सकाळधरनं वाट बघतुया," मामा म्हणाले. पुढचं बोलायला दम पुरेना.

"सकाळी लय बोलत हुतं," मामी म्हणाल्या. "आता न्हाई जमत त्यास्नी."

अर्ध्या तासाने मामांनी डोळे मिटले, ते मिटलेच. आई मला एका शब्दाने बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बहीण येईपर्यंत मढं थांबवता येतं, जिवंत माणूस थांबवता येत नाही. एवढं साधं मला सुचलं नाही आणि मी त्याचीच फी घेतो.

संध्याकाळी कोरेगावच्या थोरल्या चुलतभावाला फोन लावला. "दादा, मामा गेले."

"आरं, सकाळीच सांगितलंस की! मग दुपारी म्हणालास, हायेत म्हणून."

"आता खरंच गेले."

"तू सोता बघितलंस का?"

"बघितलं, दादा. पायथ्याशीच होतो मी."

"बरं," तो म्हणाला. "आता जरा दुसऱ्या कुणाकडं तरी फोन दे."