आबांचे दोन डॉल्फिन

"मला दोन पायजेत. आप्पाच्यात एकच हाय!" खुटबावचे आबा माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाले.

दोन म्हणजे डॉल्फिन. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. केडगावात माझं टाइल्सचं दुकान. तेव्हा बाथरूमच्या भिंतीवर चित्र लावायची टूम निघाली होती. चार-सहा टाइल्स जोडल्या की एक चित्र पुरं होतं. त्याला आम्ही ‘हायलायटर’ म्हणतो. आप्पा हे आबांचे चुलतभाऊ. भावकीत एकानं पत्रा घातला की दुसरा स्लॅब टाकणारच. त्यात आबांची वास्तुशांत तोंडावर आलेली. भावकी जेवायला येणार आणि जेवणाआधी बाथरूम बघणार.

"आबा, प्लेन पांढरी घ्या. कधी जुनी दिसायची नाही. हे चित्र दोन वर्षांत गेल्या सालच्या कॅलेंडरागत दिसेल."

"पांढरी? ती यष्टी स्टँडच्या मुतारीत असती ती? ताई, तुम्ही माल विकाया बसलाय का आमची अब्रू काढाया?"

संपलं. मी मुकाट गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यातून सेट मागवला. आला तेव्हा दुकानात फरशीवर जोडून दाखवला. आबा खूश होऊन टेम्पो बघायला बाहेर गेले. त्यांच्या मालकीणबाई, म्हणजे मामी, मागं उभ्या होत्या. त्या हळूच जवळ सरकल्या.

"ताई, हे माझ्याकडंच बघत्यात का वो?"

मी वाकून पाहिलं. खरंच की! दोघांचेही डोळे सरळ समोर.

"सारा जन्म मोरीला साडी बांधून अंघोळ केली. कोण आलं, कोण गेलं, निम्मं ध्यान तिकडंच. आता कुठं दाराला कडी मिळतीय, तर आत हे दोघं!"

"मग आबांना सांगा की."

"आत्ताच कानात सांगितलं. म्हणले, मासा हाय त्यो, पाव्हणा न्हाई."

मला आधी हसू आलं, मग आबांचा असा राग आला म्हणता! तेवढ्यात ते आत आले. मी आवाज बारीक केला.

"आबा, कुणाला बोलू नका. आप्पा परवा आलेले. पुण्यात कुठल्याशा मोठ्या हॉटेलात पांढरी टाइल बघून आलेत. मासा काढून तीच लावायची म्हणतात."

साफ खोटं. आप्पा कित्येक महिने दुकानाकडे फिरकलेही नव्हते.

आबांनी डॉल्फिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कवा लावणार हाय त्यो?"

"तुमची वास्तुशांत झाल्यावर."

"मग आमची आधी लावा. आन् पार छतापोतर घ्या!"

मामी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या.

वास्तुशांतीला आप्पा त्या पांढऱ्या बाथरूममध्ये भिंतीवर हात फिरवून बघत होते म्हणे. त्याच आठवड्यात दुकानात हजर. "ताई, आमचा मासा उखडायचाय." घ्या! माझं खोटंही खरं झालं, पाप लागायचं राहिलं.

फुटकळ सेट कंपनी परत घेत नाही. दोन्ही डॉल्फिन गोडाऊनमध्ये धूळ खात पडले. पुढे माझ्या घरच्या बाथरूमचं काम निघालं, तेव्हा नवरा म्हणाला, "आहे ते लाव की." लावलं. जुनी न दिसणारी टाइल कुठली, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी सांगते, आधी घरातल्या बाईला विचारा. स्वतःच्या घरात मात्र मला कुणी विचारलं नाही.

मध्यंतरी दौंडला लग्नाला निघालेल्या मामी भर उन्हात माझ्या घरी टेकल्या. अंगावर पाणी घेते म्हणाल्या. बाहेर आल्या त्या गालात हसत.

"ताई, टावेल दोघांच्या डोळ्यांवर टाकलाय. काढू नगा."

तो मी अजून काढलेला नाही.