बीबीच्या विहिरीवरून आलेली अक्षरं

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गप्पा हाणतो, ते कबूल! मेहकर स्टँडवर एसटी दहा मिनिटं उशिरा आली, तर संध्याकाळपर्यंत ती माझ्या तोंडून दरीत कोसळून परत वर आलेली असते. भूत भेटलंच तर त्याला कटिंग पाजून एखादा जुना प्रिंटर गळ्यात मारीन, असंही मी म्हणायचो... म्हणायचो. आता नाही म्हणत.

मेहकरला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि बीबी गावाजवळ आम्हा काही शेतकऱ्यांची सामायिक विहीर. शेतीची लाईट कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. म्हणून माझा दोस्त हनीफ, धंद्यानं वायरमन पण डोकं असं की परदेशी कंपन्यांनी बोली लावली असती, त्यानं विहिरीवरच्या टिनाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला. त्याला सिमकार्डवरून इंटरनेट दिलं. मी इकडे दुकानात टर्मिनल उघडायचो. टर्मिनल म्हणजे नुसती काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बटण. त्यात मोटर सुरू करायची आज्ञा टाईप करून एंटर मारलं की तिकडे बीबीला घुर्रर्र! गिऱ्हाईकांना सांगायचो, रॉकेटं अशीच उडवतात.

ही खिडकी आम्हा दोघांत एकच होती. तो विहिरीवरच्या कीबोर्डवर जे लिहील ते मला इकडे दिसायचं, माझं त्याला तिकडे. मोटरीचा करंट पाण्यात उतरायचा, आणि फ्यूज काढायचा आम्हा सगळ्यांनाच कंटाळा. म्हणून हनीफनं एक रीत पाडली होती. मोटरीच्या पाइपाला खाली लावलेल्या जाळीतला कचरा काढायला विहिरीत उतरण्याआधी तो खिडकीत लिहायचा – "खाली हाय". वर आला की स्वतःच पुसायचा.

"फोन कर ना बे," मी म्हणायचो.

"फोनवर तू हाव हाव म्हणतं अन् विसरतं. लिहिलेलं तुया डोयासमोर राह्यते."

गेल्या दिवाळीनंतर हनीफ गेला. घरीच, झोपेत. विहिरीचं काम त्याच्या धाकट्या भावाकडे, सत्तारकडे आलं. सत्तार लिहीत नाही, फोन करतो.

तर त्या दिवशी भर दुपारी त्याचा फोन आला.

"भाऊ, जाळी साफ झाली. लाईट हाय. करा चालू."

"वर आला ना बे?"

"वर हाय म्हणून तं फोन करून राह्यलो! विहिरीत काय रेंज भेटते?"

मी खिडकी उघडली, आज्ञा टाईप केली, एंटरवर बोट नेलं... आणि अक्षरं पुसली जाऊ लागली. शेवटाकडून. एकेक. वाटलं, बॅकस्पेस अडकली. पुन्हा टाईप केलं. पुन्हा पुसलं गेलं – घाई नाही, दोन बोटांनी टाईप करणाऱ्या माणसाच्या चालीनं. मग रिकाम्या ओळीवर सावकाश उमटलं –

खाली हाय.

आधी हसलो. सत्तार मस्करी करतोय! लिहिलं, "कोण बे?" कर्सर लुकलुकत राहिला. आत कोण कोण जोडलेलं आहे, ते विचारायची एक आज्ञा असते. ती दिली. एकच नाव आलं. माझं.

सत्तारला फोन लावला. रिंग जात राहिली. परत लावला. परत. पंख्याखाली घामेजलेल्या माणसाला हीव भरलं, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

बऱ्याच वेळानं त्याचाच फोन आला. धापा टाकत होता.

"काय भाऊ, किती मिसकॉल! पक्कड खाली राह्यली होती, ते घ्यायले उतरलो परत, तुमाले सांगाचं राह्यलं. मोबाईल सदऱ्यात, वर. कमरेइतक्या पाण्यात होतो मी... मोटर काऊन नाही चालू केली?"

मी समोरचा कीबोर्ड दूर सरकवला.

"सत्तार... विहिरीवरच्या कीबोर्डला कोणी हात लावला?"

"कीबोर्ड? तो तं उंदरानं कुरतडला, कवाच भंगारात देला. काऊन?"

"काही नाही. दुकानातली लाईट गेली होती."

फोन ठेवून स्क्रीनकडे पाहिलं. ओळ पुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी बीबीला गेलो. खोलीला कुलूप, कॉम्प्युटरवर धूळ, आणि कीबोर्डची वायर जिथे खुपसतात तिथे कोळ्याचं जाळं. पुण्याच्या एका इंजिनिअर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "लाईन खराब आहे, जुनी साठलेली अक्षरं कधीकधी उशिरा येतात." येत असतील. पण माझी आज्ञा दोनदा पुसून, नेमकी सत्तार पाण्यात असताना? यावर तो म्हणाला, "मला इथूनच दहा मिनिटं त्या कॉम्प्युटरमध्ये येऊ दे, सगळं साफ करून मोबाईलवर बटण देतो. बिघाड कायमचा जाईल."

फ्यूज आता आधी काढतो आम्ही, आणि तो सत्तारच्या खिशात राहतो. पण मित्राला मी नाही म्हटलं. उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. मात्र बिघाड असेल, तर त्याला कोणी हात लावायचा नाही.