तपासणी वरच्या मजल्यावर

“मामा, ते गाठोडं खाली ठेवा अन् रांगेत उभे राहा.”

गाठोडं म्हणजे मी. बाबांच्या पाठीवर होते. शिपायानं आधी न पाहताच म्हटलं. मग पाहिलं, अन् हसला. रांगेतले दोघंतिघं हसले. बाबाही हसले. बाबांचं ते हसणं मला अजून सलतं.

जिल्ह्याचा सरकारी दवाखाना. दर बुधवारी अपंगत्वाची तपासणी, ती वरच्या मजल्यावर. अठ्ठावीस पायऱ्या, कठडा नाही. पाटीवरचा ‘अपंग’ शब्द खोडून ‘दिव्यांग’ लिहिला होता. जिना तोच.

आम्ही मारेगावकडचे. बाबा जिनिंगमध्ये हमाल. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. मी दीड वर्षाची असताना ताप आला, गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली, अन् डावा पाय वाळत गेला. चालताना हात गुडघ्यावर दाबावा लागतो, नाही तर गुडघा दुमडतो. गावात नावानं कुणी हाक मारली नाही. लंगडी, बस. लग्नघरी नवरीला हळद लावताना बायका मला मागं सारायच्या.

बाबांना ते सहन होत नसे. रोज अंगणात चालायला लावायचे. “हात काढ. सरळ चाल. लोकायले हसू द्याचं नाई.” पडले की ओरडायचे.

घरात बारावी झालेली मी पहिली. यवतमाळच्या कॉलेजात राखीव जागा होती. त्यासाठी दाखला हवा, निदान चाळीस टक्क्यांचा. दाखला नाही तर कॉलेज नाही. तपासणीआधी पंधरा दिवस बाबांनी सकाळ-संध्याकाळ सराव घेतला. आम्हाला वाटलं, ही परीक्षा आहे. परीक्षेत चांगलंच करून दाखवायचं असतं.

दारापासून टेबलापर्यंत आठ पावलं. गुडघ्याला हात न लावता चालले. दात आवळून.

“चांगली तर चालते,” डॉक्टर म्हणाले. पस्तीस टक्के लिहिले.

बाबा दारातून पाहत होते. चेहरा फुललेला. पोरगी सरळ चालली म्हणून. पस्तीस म्हणजे काय, ते मलाच त्यांना सांगावं लागलं.

फेरतपासणीचा अर्ज केला. महिन्यानं पुन्हा गेलो. बसमधून उतरल्यावर बाबा म्हणाले, “पोरी, आज तिथं पडजो.”

“काहून?”

“पडली तरच लिहून देतीन.”

माझ्याकडं पाहिलं नाही त्यांनी. ज्या माणसानं मला पडू नको म्हणून सोळा वर्षं शिकवलं, तो माणूस.

जिन्याखाली ते नेहमीसारखे वाकले, पाठ पुढं केली. मी पहिल्या पायरीवर बसले.

“उठा बाबा. मी नाई जात वर.”

“येडी झाली काय? लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या.”

राजूरकडचे एक काका होते, खाणीत दोन्ही पाय गेलेले. हातात चपला घालून ते जमिनीवरून सरकत यायचे. माझ्याजवळ थांबले. “तू बसली तं मीबी बसतो, माय. चपला तरी वाचतीन.” मग एक आंधळी बाई बसली. मग आणखी दोघं.

शिपाई वरून ओरडला, “वर या, नाही तर नंबर कापतो.”

“कापा,” मी म्हटलं. “पण लिहून द्या, जिना चढता येत नाही म्हणून कापला.”

शिपाई डॉक्टरांना विचारायला आत गेला. लिहून देणं त्यांना जमणार नव्हतं. कायदा आमच्या बाजूचा होता. तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता, एवढंच.

दुपारी डॉक्टर खाली आले. चिडलेले. “मग काय आम्ही जमिनीवर बसायचं?”

“बसा ना साहेब,” काका म्हणाले. “आमी बसलोच हाओत.”

व्हरांड्यात टेबल लागलं. मी चालले. हात गुडघ्यावर ठेवून, जशी घरी चालते तशी. पडले नाही. दाखल्यावर बावन्न टक्के आले.

परत जाताना बसमध्ये बाबा एकच बोलले. “मीनं तुले पड म्हटलं, हे तुह्या मायले सांगजो नको.”

नाही सांगितलं. बाबा गेले, तरी नाही. आईला हे वाचता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बाबांचा मला राग नाही. आपल्या लेकराला पड म्हणायची वेळ त्यांच्यावर ज्यांनी आणली, त्यांना मी माफ करणार नाही.

मी बी.ए. झाले. नोकरीतून सुटी काढून महिन्यातला एक बुधवार त्या दवाखान्यात बसते. नवीन आलेल्या आईबापांना सांगते, लेकराला शिकवून आणू नका. जसं आहे तसं चालू द्या. कुणी अडवलं तर लेखी मागा.

तपासणी आता तळमजल्यावर होते.