डांबर निवेपर्यंत

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातले रस्ते काळे होत चालले होते. अनेक देशांचे खेळाडू येणार अशी एक मोठी स्पर्धा भरायची होती आणि तिच्यातल्या सायकल शर्यतीसाठी समुद्राकाठचा आमच्याकडचा रस्ता विचारात होता. ठरलेलं काही नव्हतं. पाहणी करणारं पथक यायचं होतं आणि ते येण्याआधी सगळं ठरल्यासारखं दिसायला हवं होतं. भाट्याच्या पुलाचे कठडे रंगवले गेले. वळणांवर पांढरे पट्टे आले. मी वर्तमानपत्रासाठी हे लिहीत होतो. बातमीत रस्त्याची रुंदी येई. सकाळी ताज्या डांबरावर आंब्याचा मोहोर गळून चिकटलेला असे, तो बातमीत येत नसे.

आमचं गाव याच रस्त्यावर आहे. पथक येण्याच्या आदल्या दिवशी तिथे शेवटचा थर टाकायचं ठरलं. रस्त्याचं काम पाहणारे साहेब देशावरून नव्याने बदलून आले होते. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. धुळवड होऊन गेली होती, तेव्हा शिमगा संपला असं त्यांनी धरलं. आमच्याकडे होळी पेटली की शिमगा सुरू होतो. मग ग्रामदेवीची पालखी निघते आणि एकेक वाडी घेत घरोघर जाते. कोणत्या घरानंतर कोणतं, हा क्रम ठरलेला असतो. पालखी मागे फिरत नाही. चुकलेलं घर पुढच्या वर्षापर्यंत चुकतं. आणि खांदा देणारे अनवाणी असतात.

आमच्या वाडीतलं शेवटचं घर माझ्या काकीचं. आदल्या वर्षी ऐन शिमग्यात काका वारले. घराला सुतक होतं, म्हणून पालखी अंगणाबाहेरूनच पुढे गेली होती. यंदा काकीने अंगण सारवून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत रांगोळी काढली होती. मुलगा मुंबईहून खांदा द्यायला आला होता. ती सकाळपासून ओटीचं सूप भरून अंगणात उभी होती.

दुपारी पालखी अलीकडच्या घरातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या तोंडाशी थांबली. समोर रोलर फिरत होता. रोलरमागून कोल्हापूरकडचा मुकादम धावत आला.

"थांबा, थांबा पावणं! हितनं कुठं निघालाय? डांबर अजून वाफा सोडतंय."

पालखीपुढे चालणारे मानकरी म्हणाले, "पावणा तू, आमी न्हाय. शिमगा हाय आमचा."

"शिमगा? आमच्यात रंगपंचमी बी झाली की हो."

"तुमच्यात झाली असंल. आमची देवी अजून घरं घेत्येय."

खांदेकऱ्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "चपला घालून गेलं तर?"

"चपला घालून तू सासुरवाडीला जा," मानकरी म्हणाले.

दुसरी वाट एकच होती. अलीकडचं घर आणि काकीचं परसू यांच्यामध्ये कलिंगडांचं एक शेत होतं. ते बौद्धवाडीतल्या मास्तरांचं. पूर्वी त्या वाडीच्या जमिनीतून पालखी नेत नसत, आणि धर्म बदलल्यापासून त्या वाडीनेही तिला कधी बोलावलं नव्हतं. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना हे पाठ होतं. मास्तर वेलांना पाणी लावत होते.

मानकरी बांधापर्यंत गेले. बांधावर पाय न ठेवता त्यांनी विचारलं.

"मास्तर, वाट द्याल काय?"

"कुणाला? तुम्हाला की देवीला?"

"दोघांना म्हणा."

"तुम्हाला देतो. देवीचं तुमचं तुम्ही बघा." मास्तरांनी पाणी बंद केलं. "वेल चुकवून पाय टाका मात्र. एक जरी कलिंगड फुटलं, तर पालखीला उद्या शाळेत अंगठे धरून उभी करीन."

आधी मागची पोरं हसली, मग मानकरीही.

मास्तर पुढे झाले आणि पाटापाटाने वाट दाखवत चालले. ढोलवाल्याला ढोलाखालचं काही दिसेना, म्हणून त्याने वाजवणं थांबवलं आणि ढोल डोक्यावर घेतला. इतक्या शांततेत चाललेली पालखी मी त्याआधी पाहिली नव्हती. ऊन पांढरं झालं होतं. खाली समुद्र होता की आभाळच तिथवर उतरलं होतं, ते कळत नव्हतं. ओल्या मातीत पावलं उमटत होती आणि देवीचा चांदीचा मुखवटा हिरव्या वेलांवरून तरंगत निघाला होता. शेजारी नवा रस्ता काळाभोर, रिकामा पडला होता.

ढोल थांबलेला काकीने ऐकला होता. पालखी आपलं घर टाकून गेली, असंच तिने धरलं. आम्ही परसात शिरलो तेव्हा ती रस्त्याकडे तोंड करून अंगणातच उभी होती. मुलाने हाक मारली, "आये, मागं बघ."

ती वळली. सूप हातातच होतं.

"ह्या अंगानं?" तिने विचारलं.

"पुढचं दार सायकलवाल्यांनी घेतलं," मानकरी म्हणाले.

धुण्याच्या दगडाजवळ, केळींच्या सावलीत तिने ओटी भरली. पुढचं घर रस्त्यापलीकडे होतं. पलीकडे जायला डांबर निवणं भाग होतं, आणि उन्हं उतरल्याशिवाय ते निवणार नाही, असं मुकादमाने ओरडून सांगितलं. एरवी घरात थोडा वेळच टेकणारी पालखी काकीच्या पडवीत पाटावर बसली ती बसलीच. खांदेकरी भिंतीला टेकले आणि एकेक करून झोपले. मास्तर पायरीवर बसून कोकम सरबत प्याले आणि पाणी लावायला परत गेले. वाऱ्याने पालखीच्या झालरी हलत होत्या.

काकी पालखीजवळ बसली. पडवीत सगळे झोपलेत असं समजून ती हलक्या आवाजात बोलू लागली.

"गेल्या वर्षी तू भायरनंच गेलीस. मला उठायचीसुदिक ताकद नव्हती. आता बस. सांगत्ये सगळं."

तिने काकांच्या पहिल्या तापापासून सुरुवात केली. दवाखाना, गाडी, परतीचा घाट. रोलर थांबला. रस्त्यावर सावल्या आल्या. मुलगा बाहेर जाऊन डांबराला हात लावून आला आणि दारात उभा राहिला.

"आये, निवलं."

काकी अजून घाटातच होती. मानकऱ्यांनी एक डोळा उघडला, मुलाला हाताने बस म्हणून खुणावलं आणि तो पुन्हा मिटला.